बेंजामिन ग्रॅहॅम

बेंजामिन ग्रॅहॅम (मे १८९४, लंडन – २१ सप्टेंबर १९७६, एक्स-आँ-प्रोव्हान्स, फ्रान्स) हे अमेरिकन गुंतवणूकतज्ज्ञ, अध्यापक व ग्रंथकार होते. समभागाचा बाजारभाव आणि त्यामागील कंपनीचे खरे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. लाभांश, बक्षीस समभाग व समभाग विभाजन यांविषयीचे त्यांचे विवेचन आजही अभ्यासले जाते.

बालपण व शिक्षण

ग्रॅहॅम यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव ग्रॉसबॉम असे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते बदलून ग्रॅहॅम करण्यात आले. बेंजामिन वर्षाचे असताना कुटुंब न्यू यॉर्क येथे स्थायिक झाले. वडिलांचा चिनी मातीच्या व शोभेच्या वस्तू आयात करण्याचा व्यापार होता. १९०३ साली वडिलांचे निधन झाले आणि व्यापार बुडाला. आईने थोडीफार पुंजी दलालाकडून कर्ज घेऊन समभागांत गुंतविली होती. १९०७ च्या आर्थिक अरिष्टात तीही गेली. केवळ भाव चढेल या आशेवर घेतलेल्या समभागांनी घर कसे उघड्यावर येते, याचा अनुभव ग्रॅहॅम यांना असा बालवयातच आला.

शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून १९१४ साली पदवी संपादन केली. इंग्रजी, गणित व तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्यांना अध्यापकपद देऊ केले होते. मात्र घरची परिस्थिती लक्षात घेऊन त्यांनी वॉल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत नोकरी पत्करली.

नॉर्दर्न पाइपलाइन प्रकरण

१९२६ साली सरकारी दप्तरातील अहवाल वाचत असताना ग्रॅहॅम यांना नॉर्दर्न पाइपलाइन या तेलवाहिनी कंपनीविषयी एक गोष्ट आढळली. कंपनीच्या समभागाचा भाव सुमारे ६५ डॉलर होता आणि त्यावर ६ डॉलर वार्षिक लाभांश मिळत असे. परंतु कंपनीजवळ प्रत्येक समभागामागे सुमारे ९५ डॉलर किमतीचे रोखे पडून होते. व्यवसायास आवश्यक नसलेली ही रक्कम मालकांची, म्हणजे भागधारकांची आहे, असे ग्रॅहॅम यांचे म्हणणे होते. व्यवस्थापनाने ते मानले नाही.

१९२७ च्या जानेवारीत कंपनीची वार्षिक सभा पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी या लहानशा गावी भरली. ग्रॅहॅम यांच्या सूचनेला अनुमोदन देणारा एकही सदस्य तेथे नव्हता. त्यानंतर वर्षभर त्यांनी इतर भागधारकांच्या भेटी घेऊन त्यांची मतपत्रे मिळविली आणि १९२८ साली संचालक मंडळावर दोन जागा जिंकल्या. अखेरीस कंपनीने दर समभागामागे ७० डॉलर वाटले.

मंदी व ग्रंथलेखन

१९२६ पासून ग्रॅहॅम स्वतंत्र गुंतवणूक निधी चालवीत होते. पुढे जेरोम न्यूमन त्यांचे भागीदार झाले. १९२९ ते १९३२ या काळातील मंदीत निधीचे सुमारे ७० टक्के मूल्य नष्ट झाले. उधारीवरील खरेदीचे धोके घरातच पाहिलेल्या ग्रॅहॅम यांनीही कर्जाचा आधार घेतला होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. गुंतवणूकदारांचे नुकसान भरून निघेपर्यंत दोघा भागीदारांनी मोबदला घेतला नाही. त्यास सुमारे पाच वर्षे लागली.

१९२८ पासून ते कोलंबिया विद्यापीठात सायंकालीन वर्ग घेत. त्यांतूनच डेव्हिड डॉड यांच्या सहकार्याने ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ (१९३४) हा ग्रंथ सिद्ध झाला. सामान्य वाचकासाठी त्यांनी ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ (१९४९) लिहिला.

लाभांश व समभाग विभाजनाविषयी विचार

समभाग विभाजनाने भागधारकाच्या संपत्तीत भर पडत नाही. उदाहरणार्थ, एखाद्याजवळ १२० डॉलर भावाचे १० समभाग असून प्रत्येकी ६ डॉलर लाभांश मिळत असेल, तर एकास दोन या प्रमाणातील विभाजनानंतर त्याच्याजवळ साधारणतः ६० डॉलर भावाचे २० समभाग राहतात आणि लाभांश प्रत्येकी ३ डॉलर होतो. गुंतवणूक १,२०० डॉलर व लाभांश ६० डॉलर, दोन्ही पूर्वीइतकेच. विभाजनानंतरही कंपनीने प्रत्येकी ६ डॉलरच दिले, तर उत्पन्न दुप्पट होते. पण ती लाभांशातील वाढ असते, विभाजनाची किमया नव्हे.

विभाजन आणि बक्षीस समभाग यांत ग्रॅहॅम फरक करीत. नुकताच मिळविलेला नफा व्यवसायात पुन्हा गुंतविल्याची खूण म्हणून दिलेले अल्प प्रमाणातील बक्षीस समभाग त्यांना उचित वाटत. रोख रकमेची गरज असलेला भागधारक ते विकू शकतो. विभाजन हा मात्र समभागांच्या संख्येतील औपचारिक बदल होय.

विभाजनामुळे जुन्या-नव्या भावांची तुलना फसवी ठरते. ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी या किराणा दुकानांच्या कंपनीचे उदाहरण ग्रॅहॅम यांनी दिले आहे. १९३८ साली तिचा समभाग ३६ डॉलरपर्यंत उतरला होता. १९६१ साली भाव ७०.५ डॉलर होता, म्हणजे वरकरणी दुप्पटही नाही. परंतु दरम्यान एकास दहा असे विभाजन झाल्याने जुन्या समभागाच्या हिशेबाने तो ७०५ डॉलर होता. पुढे १९७२ पर्यंत तोच भाव १८ डॉलरपर्यंत घसरला. स्वस्त दिसणारा भाव खरोखर स्वस्त असतोच असे नाही, हे त्यावरून दिसते.

सावध गुंतवणूकदाराने किमान २० वर्षे अखंड लाभांश देणारी कंपनी निवडावी, तसेच तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या १५ पटींहून अधिक भाव देऊ नये, असे निकष त्यांनी सांगितले.

उत्तरायुष्य

१९४८ साली ग्रॅहॅम-न्यूमन कंपनीने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला. कायद्याच्या मर्यादेमुळे ते समभाग स्वतःच्या भागधारकांना वाटून टाकावे लागले. तरीही या एका व्यवहारातील लाभ इतर सर्व व्यवहारांच्या एकत्रित लाभाहून अधिक ठरला, हे ग्रॅहॅम यांनीच मोकळेपणाने मान्य केले. १९५६ साली त्यांनी व्यवसाय बंद केला आणि ते कॅलिफोर्नियात जाऊन अध्यापन करू लागले. वाङ्मयाची आवड त्यांनी अखेरपर्यंत जोपासली. उरुग्वेचे लेखक मारिओ बेनेदेत्ती यांची ‘ला त्रेग्वा’ ही कादंबरी त्यांनी स्पॅनिशमधून इंग्रजीत अनुवादित केली.

वयाच्या ८२ व्या वर्षी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. गुंतवणूकदार वॉरन बफे हे त्यांचे विद्यार्थी व काही काळ सहकारी होते.