बुडबुड्यांशी भांडलेला बेकलँड

जुन्या काळ्या इलेक्ट्रिक स्विचकडे किंवा घरच्या कुकरच्या हँडलकडे कधी नीट बघितलंय? कुकर कितीही तापला तरी हँडल काही मऊ पडत नाही. या मटेरियलचा बाप म्हणजे लिओ बेकलँड. प्लॅस्टिक मोल्डिंग शिकताना मला सगळ्यात भावला तो हा माणूस.

१८६३ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात त्याचा जन्म झाला. वडील जोडे दुरुस्त करायचे, आई लोकांकडे घरकाम करायची. पोरगा मात्र भलताच हुशार. स्कॉलरशिपवर शिकला आणि एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट! (त्या वयात आपण केट्या मोजत असतो, असो.) १८८९ मध्ये प्रोफेसरांच्याच मुलीशी लग्न करून तो अमेरिकेला गेला. तिथे त्यानं व्हेलॉक्स हा फोटोपेपर काढला. १८९९ मध्ये ईस्टमन कोडकनं तो धंदा विकत घेतला. पस्तिशीतच आरामात बसून खाता येईल एवढा पैसा आला. पण हा पठ्ठ्या घरच्याच लॅबमध्ये जाऊन बसला.

तेव्हा विजेचा जमाना सुरू झाला होता. इन्सुलेशनला चपडी लाख लागायची आणि ती मुख्यतः आपल्या भारतातून जायची. मागणी वाढली म्हणून लाखेचे किडे काही ओव्हरटाइम करत नाहीत! बेकलँडनं पर्याय म्हणून फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड घेतलं. या दोघांचा चिकट राळेसारखा गोळा होतो हे बायरनं १८७२ मध्येच पाहिलं होतं. अडचण अशी की रिॲक्शनमध्ये पाणी सुटतं, तापमान वाढलं की त्याची वाफ होते आणि सगळा माल जाळीदार पावासारखा फुगतो. म्हणून बाकीचे लोक तापमान कमी ठेवायचे. मग रिॲक्शन रखडायची.

बेकलँडनं नेमकं उलटं केलं. तापमान आणखी वाढवलं, पण माल बंद लोखंडी भांड्यात ठेवून वरून प्रेशर दिलं. बुडबुडे धरायला जागाच उरली नाही! मला तर ही आयडिया फिनॉलच्या केमिस्ट्रीपेक्षा मोठी वाटते. अर्धवट झालेली राळ दळायची, लाकडाचा भुसा मिसळायचा, गरम डायमध्ये भरून दाबायचं. हेच आपलं कॉम्प्रेशन मोल्डिंग. डायमध्येच साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, त्यामुळे वस्तू पुन्हा वितळत नाही. अर्थात बिघडलेला पीसही पुन्हा वितळत नाही. स्क्रॅपची ही डोकेदुखी त्याच्याबरोबरच जन्माला आली.

१३ जुलै १९०७ ला त्यानं पेटंटचा अर्ज केला. इंग्लंडचा जेम्स स्विनबर्न याच शोधावर होता, तो म्हणे एका दिवसानं मागे पडला! १९१० मध्ये कंपनी निघाली आणि टेलिफोन, रेडिओ, स्विच सगळीकडे बेकेलाइट दिसू लागलं. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली आणि १९४४ मध्ये बेकलँड वारला. त्याचं ते लोखंडी भांडं, बेकलायझर, पुढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये गेलं. दिसायला अगदी आपल्या बॉयलर लॅबमधलंच वाटतं.