विश्लेषण : महात्मा फुल्यांचा उजवा हात गेला, तरी शेवटचा ग्रंथ पूर्ण कसा झाला?

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांची रचना आणि जोतिरावांची अखेरची दोन वर्षे

वाशी (जि. धाराशिव) : वाशी, भूम, परंडा भागात कुणाच्या हातापायातली ताकद अचानक गेली, की अंगावरून वारं गेलं असे म्हणतात. कुणी लकवा म्हणते, कुणी अर्धांगवायू. डॉक्टर पक्षाघात लिहितात. नावात वारे असले तरी बिघाड वाऱ्याचा नसतो. तो मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीत असतो. १८८८ मध्ये हाच आजार पुण्यात महात्मा जोतिराव फुले यांना झाला. त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तरीही त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो आणि २८ नोव्हेंबरला जोतिरावांचा स्मृतिदिन. त्यानिमित्ताने त्यांचा हा आजार आणि त्यामागची शरीररचना समजून घेऊ.

आजारापूर्वीचे जोतिराव…

जोतिरावांचा जन्म १८२७ चा, पुण्यातला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. ते वर्षाचेही नव्हते तेव्हा आई चिमणाबाई गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. जातीच्या दबावामुळे मध्येच शाळा सुटली आणि काही काळ मळ्यात काम करावे लागले. १८४१ मध्ये ते पुन्हा शिकू लागले, स्कॉटिश मिशनच्या शाळेत.

१८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पोटापाण्यासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.

या सगळ्यात लेखणी थांबली नव्हती. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, तर ‘शेतकऱ्याचा असूड’ दहा वर्षांनंतरचा. त्या पुस्तकात त्यांनी बांधबंदिस्ती आणि तळ्यांत पाणी अडवण्याचे उपाय सुचवले होते. म्हणजे साठी गाठेपर्यंत हा माणूस दोन गोष्टींवर चालला होता : पायाखालची भिंगरी आणि उजव्या हातातली लेखणी.

१८८८ मध्ये काय घडले?

हे वर्ष सन्मानाने सुरू झाले. मार्चमध्ये ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खेड्यापाड्यांतली खरी स्थिती पाहुण्यांसमोर मांडली. ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातील सभागृहात जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू निकामी झाली. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. सत्यशोधक चळवळीतलेच सहकारी आणि नामवंत शल्यचिकित्सक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले.

मेंदूला रक्त कुठून जाते?

मेंदूचे वजन साधारण १.४ किलो, म्हणजे शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास. पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते आणि शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के. यातले तो फारसे साठवून ठेवू शकत नाही. रक्त पूर्ण थांबले तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

हे रक्त चार धमन्यांतून वर चढते. शालेय पुस्तकात धमनीला रोहिणीही म्हटलेले असते. मानेच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड धमनी असते. कंठमण्याच्या बाजूला बोट ठेवले की जो ठोका लागतो, तो तिचाच. तिथून थोडे वर गेल्यावर तिचे दोन फाटे होतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याकडे जातो आणि आतला कवटीत शिरून मेंदूकडे. उरलेल्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून वर जातात. कवटीत शिरल्यावर त्या एकमेकींना मिळतात आणि बॅसिलर ही एकच धमनी तयार होते.

ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला ही रचना लगेच समजेल. कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल या मेनलाइन. त्यांच्यापासून निघणाऱ्या मोठ्या शाखा म्हणजे सबमेन. तिथून सुटणाऱ्या बारीक धमन्या म्हणजे लॅटरल. मेनलाइन बंद पडली तर सगळा प्लॉट वाळण्याची भीती असते. एखादी लॅटरल चोक झाली तर तेवढीच ओळ सुकते. पक्षाघातात कोणाचे किती नुकसान होते, हे अडथळा कुठे आला यावर बरेचसे ठरते.

‘विलिसचे वर्तुळ’ म्हणजे काय?

मेंदूच्या तळाशी या धमन्या एकमेकींना जोडून एक कडे तयार करतात. इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस विलिस यांच्या १६६४ च्या ग्रंथात या कड्याचे नीट वर्णन आहे. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिला छापा घातला, तेच हे वर्ष. ग्रंथातल्या आकृत्या पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारे वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी काढल्या होत्या.

या कड्याचा उपयोग विलिस यांना एका शवविच्छेदनात दिसला. मृताची एका बाजूची कॅरोटिड पूर्ण बुजलेली होती. तरीही जिवंतपणी त्याला पक्षाघात झालेला नव्हता. एका बाजूने येणारे रक्त बंद झाले, तेव्हा दुसऱ्या वाटेने येणारे रक्त या कड्यातून तिकडे वळले होते. एका बोअरचे पाणी कमी पडले की दुसऱ्या बोअरचा व्हॉल्व्ह उघडावा, तसाच हा प्रकार. मात्र अनेकांमध्ये हे कडे अपुरे असते. एखादा जोड फार बारीक असतो किंवा नसतोच. शिवाय कड्याच्या पुढे गेलेली बारीक धमनी बुजली, तर कड्याची मदत तिथपर्यंत पोहोचत नाही.

उजवीच बाजू का गेली?

मेंदूकडून हातापायांकडे जाणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. म्हणून शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो आणि डावी बाजू उजवा मेंदू. जोतिरावांचे उजवे अंग गेले, याचा साधा अर्थ डाव्या बाजूच्या रक्तपुरवठ्यात घात झाला.

कड्यापासून दोन्ही बाजूंना तीन मोठ्या शाखा निघतात. पुढची शाखा पाय हलवणाऱ्या भागाला रक्त देते, मागची दृष्टीच्या भागाला. मधली शाखा, म्हणजे मिडल सेरेब्रल धमनी, सर्वांत मोठी. चेहरा आणि हात हलवणारा भाग तिच्याकडे असतो. बहुतेक लोकांत बोलण्याची आणि भाषा समजण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. तीही याच शाखेवर अवलंबून असतात. याच शाखेच्या बुडातून सुयांसारख्या बारीक धमन्या मेंदूच्या आत शिरतात. तिथल्या एका अरुंद पट्ट्यातून चेहरा, हात आणि पाय या तिघांकडे जाणारे तंतू एकत्र गेलेले असतात. त्यामुळे जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही बारीक धमनी बुजली वा फुटली, तरी अर्धे अंग जाऊ शकते.

मग विचार आणि भाषा कशी टिकली?

डाव्या बाजूची मधली शाखा बुडाशीच बंद झाली, तर हातासोबत भाषाही जाण्याचा मोठा धोका असतो. शब्द सुचत नाहीत, वाक्य जुळत नाही, कधी दुसऱ्याचे बोलणे कळत नाही. अशा माणसाला डावा हात शाबूत असूनही ग्रंथ लिहिता येत नाही. जोतिरावांनी आजारानंतर लिहिलेला ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे आणि त्यात युक्तिवाद ओळीने मांडलेले आहेत. म्हणजे भाषेची केंद्रे कामाची राहिली होती. आत शिरणाऱ्या बारीक धमनीत घात झाला की नेमके असेच होऊ शकते : अंग जाते, भाषा राहते. १८८८ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काढण्याचे साधनच नव्हते. त्यामुळे जोतिरावांच्या बाबतीत धमनीचे नाव सांगणारा पुरावा मागे राहिलेला नाही.

डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात असतो आणि उजव्या मेंदूला स्वतंत्र शाखा रक्त देतात. त्या शाबूत होत्या. पण हात शाबूत असणे वेगळे आणि त्याला लिहिता येणे वेगळे. जन्मभर उजव्या हाताने लिहिलेल्या माणसाला डाव्या हाताने अक्षर काढायचे, तर पाटीवर गिरवणाऱ्या मुलासारखी सुरुवात करावी लागते. सरावाने मेंदूत नवे जोड पक्के होतात, हे आज सिद्ध झालेले आहे. जोतिरावांनी हा सराव साठी उलटल्यावर केला.

तेव्हा उपचार कोणते होते?

फारसे नव्हतेच. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण १८९६ मध्ये आले. ॲस्पिरिन तयार झाले १८९७ मध्ये. मेंदूतल्या धमन्यांचे पहिले क्ष-किरण चित्र १९२७ मध्ये निघाले आणि रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १९७१ मध्ये. पक्षाघातातील गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. डॉ. घोले यांच्या हाती यातले काहीच नव्हते. विश्रांती, शुश्रूषा आणि वाट पाहणे एवढेच शक्य होते. शुश्रूषेचा मोठा भार सावित्रीबाईंवर पडला.

अखेरची दोन वर्षे…

ग्रंथ १८८९ मध्ये लिहून झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दत्तक पुत्र यशवंत यांचा विवाह हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने लावला गेला. घरची आर्थिक स्थिती मात्र ढासळत होती. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की जे होते, तेच इथेही झाले. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांना पत्र लिहून जोतिरावांच्या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतिरावांचे निधन झाले. वय ६३ वर्षे. आजाराच्या आदल्याच वर्षी त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. आपला देह मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही खणलेला होता. पण वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावे लागले. टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः हाती धरले. पत्नीने असे पुढे होणे तेव्हा अघटित होते. नंतर अस्थी त्याच खड्ड्यात ठेवण्यात आल्या.

डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहणे जोतिरावांच्या नशिबी नव्हते. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

आज वाशीत कुणाला असे झाले, तर?

जोतिरावांच्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट आज आहे : उपचाराची ठरावीक वेळ. गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी धमनी बंद असेल तर नळीवाटे गाठ ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत शक्य असते. मोठ्या धमनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे.

पण इंजेक्शनआधी सीटी स्कॅन लागतोच. धमनी बुजली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कळत नाही आणि फुटलेल्या धमनीत हे औषध जीव घेऊ शकते. याच कारणासाठी घरी ॲस्पिरिनची गोळीही देऊ नये. रुग्णाला पाणी पाजण्याचा प्रयत्नही टाळावा, कारण गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात वर धरल्यावर खाली पडू लागला किंवा बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. रुग्ण झोपेतून उठला तेव्हाच लक्षणे दिसली असतील, तर तो शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ सांगावी. वाशीतून बार्शी, धाराशिव किंवा लातूर गाठायचे असेल, तर निघण्याआधीच फोन करून सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे चालू आहे याची खात्री करावी. तेल चोळणे, वाऱ्याचे औषध आणणे, सकाळपर्यंत थांबून पाहणे यात साडेचार तास सहज निघून जातात. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे, हे त्याआधीचे काम आहे.

मेंदूत अडलेला रक्ताचा प्रवाह मोकळा करणे जोतिरावांच्या काळी कुणालाच शक्य नव्हते. आज ते शक्य आहे, फक्त रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे.