योग्य जागी घेतलेली चाचणी : डॉ. शंभूनाथ डे

एखादा पदार्थ खाल्ल्यावर त्रास झाला की तो ॲलर्जीमुळे झाला, की तो पदार्थ केवळ मानवला नाही, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर देण्याचा दावा करणाऱ्या अनेक चाचण्या आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणतीवर विसंबावे, हे ठरविताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. चाचणी शरीरात योग्य जागी घेतली आहे काय, आणि तिच्या निष्कर्षाला तुलनेचा आधार आहे काय. कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याच्या संशोधनात याच दोन अटी कसोशीने पाळल्या आणि पाऊणशे वर्षे अडलेला प्रश्न सोडविला.

डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिष्यवृत्तीच्या आधाराने त्यांनी हुगळी मोहसीन महाविद्यालयात आणि त्यानंतर कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. १९३९ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले व १९४२ मध्ये त्यांनी उष्णकटिबंधीय रोगांच्या वैद्यकातील पदविका मिळविली. पुढे लंडनमध्ये प्रा. रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. तेथे त्यांनी फुप्फुसात पाणी साठण्याच्या विकाराचा प्रयोगांद्वारे अभ्यास केला होता. शरीरातील द्रव एका जागेहून दुसऱ्या जागी का जातो, हा प्रश्न त्यानंतर त्यांच्या मनातून गेला नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांच्यासमोर आला तो कॉलरा. बंगालच्या खाडीलगतच्या प्रदेशात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. महाराष्ट्रातही पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथींनी पूर्वी अनेक बळी घेतले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यातच कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला होता. हा जंतू एखादे विष निर्माण करीत असावा, असा तर्कही त्यांनी मांडला होता. मात्र ते विष कोणालाही दाखविता येत नव्हते.

या अपयशाचे एक मोठे कारण चाचणीच्या जागेत होते. संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या रक्तवाहिनीत अथवा उदरपोकळीत टोचत असत. त्यामुळे प्राणी आजारी पडत किंवा मरत, पण कॉलऱ्याचे मुख्य लक्षण असलेले पेजेसारखे जुलाब त्यांना होत नसत. रोग आतड्यात होता आणि त्याचा शोध मात्र इतरत्र चालू होता.

डे यांनी आतड्याचीच परीक्षा घेण्याचे ठरविले. सशाच्या लहान आतड्याचा एक छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. त्याच सशाच्या आतड्याचा दुसरा भाग तसाच बांधून त्यात जंतुविरहित द्रव सोडला. एका दिवसात पहिला भाग द्रवाने तट्ट फुगला आणि दुसरा रिकामाच राहिला. प्राणी एकच, शस्त्रक्रिया एकच, फरक केवळ जंतूंचा. म्हणून निष्कर्षाला पळवाट उरली नाही. डी. एन. चटर्जी यांच्यासमवेत केलेले हे संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोठे पाऊल पुढे पडायचे होते. जंतूंची वाढ झालेला द्रव गाळून त्यातील सर्व जंतू डे यांनी काढून टाकले आणि उरलेला द्रव त्याच पद्धतीने आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडे फुगले. कॉख यांनी तर्क केलेले विष अशा प्रकारे सिद्ध झाले. हा निबंध मे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्त, पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर वेगळ्या पद्धतीने प्रयोग करून जंतूंच्या विषाची भूमिका दाखविली, ही मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

डे यांची चाचणी कॉलऱ्यापुरती मर्यादित राहिली नाही. अतिसाराच्या रुग्णांमध्ये आढळणारे ई. कोलाय जातीचे काही जंतूही आतड्यात पाणी साठवितात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखविले. पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांनी ही पद्धत स्वीकारली.

एवढे होऊनही मायदेशी त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. हयातीत देशातील कोणत्याही प्रमुख विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये कॉलऱ्यावर भरलेल्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले होते, परंतु ते त्यांना मिळाले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला.

डे यांचे संशोधन ॲलर्जीवरील नव्हते. तरीही त्यांनी पाळलेले नियम आजच्या चाचण्यांनाही लागू पडतात. ॲलर्जीच्या त्वचाचाचणीत संशयित पदार्थाबरोबर त्वचेवर दोन थेंब तुलनेसाठी टोचले जातात. हिस्टामिनच्या थेंबाने गांधी उठलीच पाहिजे आणि मिठाच्या पाण्याने ती उठता कामा नये. तसे न झाल्यास चाचणी ग्राह्य धरता येत नाही. गांधी उठली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली, असेही नव्हे. तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होतो काय, हे पाहावेच लागते. शंका राहिल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो थोडा थोडा खाऊ घालून खात्री करतात.

दूध न मानवणे हा ॲलर्जीहून वेगळा प्रकार आहे. तेथे दुधातील साखर आतड्यात पचत नाही. जुलाबांच्या आजारानंतर लहान मुलांना असा त्रास काही काळ होऊ शकतो. त्यासाठी ती साखर पाण्यातून पाजून श्वासातील हायड्रोजन वायू मोजतात, म्हणजेच आतड्यात काय घडले ते पाहतात. याउलट रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे मोजून न मानवणाऱ्या पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या चाचण्यांची शिफारस ॲलर्जीतज्ज्ञांच्या प्रमुख संघटना करीत नाहीत. ही प्रतिपिंडे बहुधा तो पदार्थ आपल्या आहारात असल्याचीच खूण असतात. अशा यादीवर विसंबून दूध, गहू किंवा डाळी बंद केल्यास मुलांच्या पोषणाची हानी होऊ शकते. म्हणून चाचणीचा अहवाल हाती आल्यावर घरातील पदार्थ वर्ज्य करण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.