शेल्फवर मावणारा बास: हेन्री क्लॉसची गोष्ट

मोबाइल आणि इअरबड्सवर गाणी ऐकून झाली, आता घरात नीट सिस्टीम हवी असं वाटायला लागलं की बहुतेक जण आधी बुकशेल्फ स्पीकर शोधतात. मीही सध्या तेच करतोय. दोन खोकी, एक अ‍ॅम्प्लिफायर, बजेट मर्यादित आणि हॉल १० बाय १२ चा. स्पेसिफिकेशन वाचताना एक प्रश्न पडतोच. एवढ्याशा खोक्यातून खरा बास येणार कसा? आणि येत असेल, तर त्याची किंमत कुठे तरी मोजावी लागत असणारच ना? हा प्रश्न उकलत गेलो की गाडी हेन्री क्लॉस या माणसापाशी येऊन थांबते.

क्लॉसचा जन्म १९२९ चा, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या अल्टूना गावचा. शिकायला तो एमआयटीत आला, पण डिग्री त्याने कधीच पूर्ण केली नाही. (चारही वर्षांच्या मार्कशीट फाइलला लावून ठेवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा कसंतरीच होतं.) कॉलेजात असताना पैशांसाठी त्याने सुतारकामाची हत्यारं घेतली आणि स्पीकरची लाकडी खोकी बनवायला लागला. एमआयटीतल्याच बारूक आणि लँग या दोघांनी डिझाइन केलेला, खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा एक स्वस्त स्पीकर होता, त्याची ही खोकी. म्हणजे ऑडिओच्या धंद्यात हा गडी सुतार म्हणून शिरला.

तेव्हा चांगला बास हवा असेल तर स्पीकर कपाटाएवढा लागायचा. का, ते समजून घेऊ. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की बास गायब. म्हणून कोनाची मागची बाजू खोक्यात बंद करायची. पण बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोकं लहान, तर स्प्रिंग कडक. कोनाला धरून ठेवणारी कडेची पट्टी आधीच ताठ असायची, त्यात ही हवेची स्प्रिंग जोडली की कोन खालच्या सुरांना नीट हलायलाच तयार नाही. उपाय एकच, खोकं मोठं करा.

मग क्लॉसला सैन्यात बोलावणं आलं आणि त्याची नेमणूक न्यू जर्सीत झाली. तिथून तो न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ध्वनिमुद्रण आणि पुनर्निर्मितीवरच्या एका वर्गाला जायचा. शिकवणारे होते एडगर व्हिल्चर. त्यांच्या डोक्यात एक उलटी कल्पना होती. हवेची स्प्रिंग टाळता येत नाही ना, मग तीच मुख्य स्प्रिंग करू! कोनाची स्वतःची पट्टी एकदम सैल ठेवायची आणि कोनाला जागेवर परत आणायचं काम खोक्यातल्या कोंडलेल्या हवेकडे द्यायचं. हवा ही कापडा-कागदाच्या पट्टीपेक्षा जास्त सरळ वागणारी स्प्रिंग आहे, त्यामुळे विकृती म्हणजे डिस्टॉर्शनही कमी होतं. पहिल्या नमुन्यासाठी सैल पट्टी व्हिल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या कापडातून बेतून दिली. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

व्हिल्चर यांनी ही कल्पना प्रस्थापित कंपन्यांना देऊ केली होती, त्यांनी नाही म्हटलं. क्लॉसला मात्र ती पटली, आणि त्याच्याकडे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये खोकी बनवायची जागाही होती. १९५४ मध्ये दोघांनी मिळून अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर, एआर-१, साधारण दोन फूट लांबीचा होता आणि त्याचा बास मोठमोठ्या कपाटांच्या तोडीचा होता. काही वर्षांतच स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. आता एकाऐवजी दोन स्पीकर लागणार, आणि दोन कपाटं कोण कुठे ठेवणार? छोट्या खोक्याचं नशीब तिथे फळफळलं.

आता किंमत कुठे मोजली ते बघू, कारण तुमच्या खरेदीत कामाची गोष्ट तीच आहे. सैल, जड कोन हलवायला ताकद जास्त लागते. म्हणजे हे स्पीकर तेवढ्याच वॉटला कमी आवाज द्यायचे. हाच हिशोब पुढे हॉफमनचा लोखंडी नियम म्हणून प्रसिद्ध झाला: खोल बास, लहान खोकं आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींतल्या कुठल्याही दोनच मिळतात. जोसेफ अँटन हॉफमन म्हणजे क्लॉसचा पुढचा भागीदार. १९५७ मध्ये क्लॉस, माल्कम लो आणि हॉफमन हे तिघं अकूस्टिक रिसर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी केएलएच काढली. नावातली तीन अक्षरं या तिघांची.

स्पेक शीटवर सेन्सिटिव्हिटीचा आकडा डेसिबलमध्ये असतो. दर ३ डेसिबलला लागणारी ताकद दुप्पट होते. ९० डेसिबलच्या स्पीकरला जिथे १० वॉट पुरतात, तिथे ८४ डेसिबलवाल्याला ४० वॉट लागतील. म्हणून छोटा, खोल बासवाला आणि वर सेन्सिटिव्हिटी ९५ असं कोणी छापलेलं दिसलं की मी ते पान बंद करतो. क्लॉसने तिघांतली कार्यक्षमता सोडली आणि बास व आकार राखला. आज वॉट स्वस्त झालेत, त्यामुळे आपल्यालाही बहुतेक वेळा हाच सौदा परवडतो. फक्त अ‍ॅम्प्लिफायरचं बजेट विसरून सगळे पैसे स्पीकरवर घालू नका.

अजून एक. आजचे बरेच बुकशेल्फ स्पीकर क्लॉसच्या खोक्यांसारखे पूर्ण बंद नसतात, त्यांना मागे किंवा पुढे भोक म्हणजे पोर्ट असतो. पोर्टमुळे एका ठरावीक सुरापर्यंत बास वाढतो, पण त्याच्या खाली तो धाडकन पडतो. बंद खोक्याचा बास हळूहळू उतरतो. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला तर बास घुमायला लागतो. माझ्यासारखा स्पीकर भिंतीलगतच ठेवावा लागणार असेल, तर बंद खोकं किंवा पुढे पोर्ट असलेलं मॉडेल आधी बघा.

केएलएचमध्ये क्लॉसचं डोकं आणखी पुढे धावलं. १९६२ चं मॉडेल इलेव्हन म्हणजे सुटकेसमध्ये मावणारा ट्रान्झिस्टर स्टीरिओ रेकॉर्ड प्लेअर. स्पीकर छोटे, म्हणून त्यांचा बास जिथे कमी पडतो तिथे अ‍ॅम्प्लिफायरनेच तो उचलून द्यायचा, अशी रचना. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांसाठीच बनवलेले. तुमच्या ब्लूटूथ स्पीकरमधली चिप आज हेच करते, फक्त सॉफ्टवेअरने. हे माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं असल्याने असेल, पण क्लॉसचं खरं डोकं मला इथे दिसतं.

१९६४ मध्ये केएलएच शिवणयंत्रवाल्या सिंगर कंपनीला विकली गेली. क्लॉस काही वर्षं थांबला आणि १९६७ मध्ये त्याने अ‍ॅडव्हेंट सुरू केली. आता त्याला वेड लागलं होतं मोठ्या पडद्याच्या प्रोजेक्शन टीव्हीचं. पण टीव्ही बनवायला पैसा हवा, म्हणून आधी स्पीकर. तो अ‍ॅडव्हेंट लाउडस्पीकर तुफान विकला गेला. एक वूफर, एक ट्वीटर, बंद खोकं, आणि तेव्हाच्या महागड्या स्पीकरइतका खोल बास, तोही साधारण निम्म्या पैशांत. तिसरा ड्रायव्हर घालून स्पेक शीट सजवण्यापेक्षा दोनच नीट बनवायचे, ही त्याची काटकसर. कॉलेजातली मुलं पहिली सिस्टीम म्हणून हाच घ्यायची.

त्याच काळात कॅसेट ही फक्त बोलणं रेकॉर्ड करायची वस्तू समजली जायची, कारण तिच्यात सतत हिस्स ऐकू यायचं. क्लॉसने रे डॉल्बी यांना त्यांच्या स्टुडिओतल्या नॉइज रिडक्शनची घरगुती आवृत्ती बनवायला प्रवृत्त केलं. १९७१ च्या अ‍ॅडव्हेंट २०१ या डेकमध्ये डॉल्बी बी आणि क्रोमियम डायऑक्साइड टेप एकत्र आले आणि कॅसेट संगीतासाठी लायक झाली. जाता जाता, हे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते.

मग टीव्ही आला. १९७२ चा व्हिडिओबीम १०००, सात फुटी पडदा, किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास. स्पीकरने कमावलेला पैसा टीव्ही खात गेला. कंपनीवरचा ताबा सुटला आणि क्लॉस स्वतःच्याच अ‍ॅडव्हेंटमधून बाहेर पडला. १९७७ मध्ये त्याने टीव्हीसाठीच क्लॉस व्हिडिओ काढली. इकडे अ‍ॅडव्हेंट १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्याच्या डिझाइनवर एवढ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्याच्या हातात एकही टिकली नाही. स्टार्टअपच्या गोष्टी सांगताना लोक हा भाग गाळतात. मला मात्र त्याची चूक फक्त पैशांपुरतीच वाटते. सात फुटी पडदा घरात येणार, हे त्याला बरोबर दिसलं होतं, फक्त फार आधी.

साठीला टेकलेल्या क्लॉसने १९८८ मध्ये पुन्हा डाव मांडला. केंब्रिज साउंडवर्क्स दुकानदारांना वगळून फोनवर ऑर्डर घ्यायची आणि थेट घरी स्पीकर पाठवायची. छोटे सॅटेलाइट आणि बासचं वेगळं खोकं ही मांडणी तिथून पुढे कॉम्प्युटरच्या टेबलावर पोचली. १९९७ मध्ये ती कंपनी साउंड ब्लास्टरवाल्या क्रिएटिव्हने घेतली. क्लॉसचं शेवटचं गाजलेलं काम म्हणजे २००० सालचा टिव्होली मॉडेल वन: लाकडी खोकं, एकच स्पीकर, एक मोठं डायल, साधा रेडिओ. ३१ जानेवारी २००२ ला तो गेला, तेव्हा तो ७२ वर्षांचा होता.

अ‍ॅडव्हेंटच्या जुन्या जोड्या अमेरिकेत अजून वापरात आहेत. त्यांच्या वूफरच्या कडेचा फोम वयानुसार कुजतो, मग लोक घरीच नवीन फोम चिकटवतात आणि स्पीकर पुन्हा सुरू करतात. तुम्ही कुठल्याही कंपनीची जुनी जोडी घ्यायला निघालात, तर आधी पुढची जाळी काढून त्या कडेवर हलकेच बोट फिरवून बघा.