खिदमतीसाठी ओलांडलेला उंबरठा

निफाड तालुक्यातल्या एखाद्या गावात मुलगी लष्करी परिचर्या सेवेत निवडली गेली, की घरात एकाच वेळी दोन गोष्टी सुरू होतात. बाप पेढे वाटतो आणि आई गप्प होते. ट्रंक आणली जाते, दाखल्यांच्या झेरॉक्स काढल्या जातात, गरम कपड्यांची यादी होते. मुलगी लेफ्टनंट होणार याचा अभिमान असतो. पण पहिली नेमणूक कुठे, बर्फात की वाळवंटात, हा घोर जेवताना घास अडवतो. रमजानमध्ये असा निरोप असेल तर सहेरीला उठलेल्या आईची दुआ जरा जास्तच लांबते. देवळालीची छावणी इथून फार लांब नाही, त्यामुळे लष्कर या भागाला परके नाही. तरीही मुलीने घर सोडून जखमी शिपायांच्या सेवेला जायचे म्हटले, की जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. आईबापांचे मन मोठे, की मनाने घेतलेला खिदमतीचा वसा मोठा?

या प्रश्नाशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल तब्बल सोळा वर्षे झगडली. हातात दिवा घेतलेली तिची तसबीर आपल्या शाळांच्या भिंतींवर असते. त्या दिव्याआधीची सोळा वर्षे मात्र तसबिरीत दिसत नाहीत.

12 मे 1820 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात तिचा जन्म झाला आणि शहराचेच नाव तिला मिळाले. घर गर्भश्रीमंत. इंग्लंडमध्ये दोन मोठे वाडे, एक उन्हाळ्यासाठी आणि एक हिवाळ्यासाठी. वडील विल्यम नाइटिंगेल विद्वान गृहस्थ. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. थोरली पार्थेनोप घरात रमली. धाकटीला आकड्यांचे वेड लागले. 1837च्या फेब्रुवारीत, सतरावे वर्ष पुरे व्हायच्या आत, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री झाली. सेवा कोणती, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. गावातल्या गरीब आजाऱ्यांच्या उशाशी बसता बसता उत्तर सापडले.

1845 साली तिने घरात विषय काढला. जवळच्या सॅलिस्बरी गावच्या इस्पितळात काही महिने राहून काम शिकायचे होते. आई फॅनी हादरली, बहिणीने रडून आकांत केला, वडील उठून निघून गेले. त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळातली परिचारिका म्हणजे दारू पिणारी, अडाणी, बदनाम बाई अशीच समजूत होती. कुलीन घरची मुलगी तिथे जाणे म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणे.

फ्लॉरेन्सने घर सोडून पळ काढला नाही आणि हट्टही सोडला नाही. दिवसा पाहुण्यांची उठबस करायची आणि पहाटे दिवा लावून इस्पितळांचे सरकारी अहवाल वाचायचे, आकडे उतरवून घ्यायचे, असा नेम तिने धरला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स हा कवी आणि खासदार अनेक वर्षे तिच्या होकाराची वाट पाहत होता. तिलाही तो आवडत होता. 1849 मध्ये तिने त्याला नकार दिला. लग्नानंतर पुन्हा पाहुण्यांच्या सरबराईतच आयुष्य जाईल, हे तिला दिसत होते. त्या नकाराची सल पुढे बराच काळ तिच्या मनात राहिली.

त्याच वर्षी कौटुंबिक स्नेह्यांबरोबर ती इजिप्तला गेली. नाईल नदीतून प्रवास झाला. परतताना जर्मनीत कायझर्सवर्थ इथली संस्था पाहिली. तिथे धर्मसेविका शिस्तीने रुग्णसेवा शिकत होत्या. 1851 मध्ये तिथे तीन महिने राहून शिकायची परवानगी अखेर मिळाली, पण ही गोष्ट चारचौघांत कळू नये, अशी घरच्यांची इच्छा होती. 1853 मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला 500 पौंड लावून दिले. आईची नाराजी कायम होती, पण बापाच्या मनाने मुलीला ओळखले होते.

आणि मग युद्ध आले. रशियाविरुद्ध उस्मानी तुर्कांच्या बाजूने इंग्लंड आणि फ्रान्स उतरले. 1854च्या सप्टेंबरमध्ये आल्माची लढाई झाली. ऑक्टोबरात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये बातम्या आल्या, की जखमींना बांधायला पट्ट्या नाहीत, पाहायला माणसे नाहीत आणि फ्रेंचांकडे मात्र सेविका आहेत. देश खवळला. 14 ऑक्टोबरला फ्लॉरेन्सने युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या पत्नीला पत्र लिहून जायची तयारी कळवली. दुसऱ्याच दिवशी खुद्द हर्बर्ट यांनी तिला पत्र लिहून जाण्याची विनंती केली. दोघांची पत्रे वाटेतच एकमेकांना ओलांडून गेली. या वेळी आईवडिलांनी होकार दिला. सोळा वर्षे बंद असलेले दार एका दिवसात उघडले.

तयारीला मिळाला जेमतेम आठवडा. हर्बर्ट यांच्या घरी बसून बायका निवडायच्या होत्या. आल्या पुष्कळ, कामाच्या निघाल्या थोड्या. शेवटी 38 जणी ठरल्या. त्यांपैकी 14 इस्पितळात काम केलेल्या आणि बाकीच्या वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या सेविका आणि जोगिणी. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट एकाच तुकडीत, हेच त्या काळी मोठे धाडस होते. गणवेश घाईत शिवले गेले. करड्या रंगाचे जाडेभरडे झगे, कुणाला ढगळ तर कुणाला आखूड. खांद्यावरून आडव्या पट्टीवर इस्पितळाचे नाव. करारात पगार लिहिला होता आणि दारू प्यायल्यास परत पाठवणीची अटही होती. या धांदलीत तिचे पाळलेले घुबड मेले. अथेन्समध्ये पोरांच्या हातून सोडवलेले हे पिल्लू ती खिशात घेऊन फिरायची. घर आवरण्याच्या गडबडीत त्याला माळ्यावर ठेवले आणि त्याच्याकडे पाहायचे राहून गेले. घर सोडताना ती त्या एवढ्याशा जिवासाठी रडली.

21 ऑक्टोबरला तुकडी निघाली. मार्सेल बंदरात फ्लॉरेन्सने स्वतःच्या हिमतीवर भरपूर सामान खरेदी केले. तिथे सगळे मुबलक आहे, असे अधिकारी सांगत होते. तिने विश्वास ठेवला नाही आणि तेच बरे झाले.

4 नोव्हेंबर 1854. इस्तंबूलसमोर, बॉस्फरसच्या आशियाई काठावर उस्कुदार आहे. इंग्रज त्याला स्कुटारी म्हणत. तिथली सुलतान सलीम यांच्या नावाची प्रचंड बराक तुर्कांनी इंग्रजांना इस्पितळासाठी दिली होती. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. फ्लॉरेन्सने सेविकांना सांगितले, की बोलावल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकायचे नाही. पट्ट्या आणि उशा शिवत त्या बसल्या. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली, जखमींच्या बोटी येऊ लागल्या आणि डॉक्टरांनीच हाक मारली.

रणांगणावर बायकांनी शुश्रूषा करणे जगाला नवे नव्हते. मदिनेत, खंदकच्या लढाईच्या वेळी, मशिदीत उभारलेल्या रुफैदा अल-असलमिया यांच्या तंबूत बाणाने जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांची देखभाल झाली होती. इंग्रजी फौजेला मात्र हे सारे नवे होते.

स्कुटारीचा पहिला हिवाळा भयंकर गेला. फ्लॉरेन्सने स्वयंपाकघर लावले, धुण्याची सोय केली, स्वच्छ सदरे वाटले, रात्री दिवा घेऊन फेऱ्या मारल्या, मेलेल्यांच्या घरी पत्रे लिहिली. तरीही मृत्यू थांबेनात. 1855च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण 42 टक्क्यांवर गेले. बराकीखाली तुंबलेली गटारे होती आणि त्यांचे विष वर येत होते. मार्चमध्ये सरकारचे स्वच्छता पथक आले. गटारे उपसली, पाण्याच्या वाटेतली मेलेली जनावरे काढली, भिंतींना चुना लावला. जूनपर्यंत हेच प्रमाण सुमारे 2 टक्क्यांवर उतरले.

मेमध्ये क्रिमियाच्या किनाऱ्यावर बालाक्लाव्हात तिला जबर ताप आला. वाचेल की नाही, अशी अवस्था झाली. जूनच्या सुरुवातीला तिला स्कुटारीला परत आणले, तेव्हा पलीकडच्या इस्तंबूलमध्ये रमजान चालू होता. तिथल्या मोठ्या मशिदींच्या मिनारांमध्ये या महिन्यात दिव्यांच्या माळा लावण्याची रीत तेव्हाही होती. जरा बरे वाटल्यावर घरी जाण्याचा सल्ला मिळाला. तो न मानता शेवटचा शिपाई जाईपर्यंत ती थांबली.

1856च्या ऑगस्टमध्ये, मिस स्मिथ हे साधे नाव घेऊन, सत्कार चुकवत ती घरी परतली. मग तिने आकडे मांडले. बहुतेक शिपाई जखमांनी मेले नव्हते. टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, आणि त्यातले किती तरी तिच्याच देखरेखीखालच्या इस्पितळात. हे तिने लपवले नाही. रंगीत पाकळ्यांचा आलेख काढून राणीच्या सरकारपुढे ठेवले. स्वतःच्या कामातली उणीव अशी जाहीर मांडायला रणांगणापेक्षा वेगळे धैर्य लागते. तब्येत कायमची ढासळली होती. पुढची कित्येक वर्षे तिने अंथरुणावरून काम केले. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. पण इथल्या छावण्यांतून आलेल्या कागदांचे ढीग तिने वाचले. 1863च्या अहवालात इथल्या गोऱ्या शिपायांचा मृत्युदर वर्षाला हजारी 69 नोंदला गेला. पाणी, गटारे आणि बराकी सुधारा, असा तिने धोशा लावला. दहा वर्षांनी तो आकडा 18वर आला. मग तिचे लक्ष छावणीबाहेरच्या खेड्यांकडे, दुष्काळाकडे, रयतेकडे वळले. इथेच तिचा धागा निफाडपर्यंत येतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 1842 साली निफाडचा. त्यांनी वाढवलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी फ्लॉरेन्सने खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पत्रव्यवहार केला. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला तिने प्रस्तावना दिली. याच दोघांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन काढले, आणि पुढच्या वर्षी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तिथून विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया परिचर्या शिकायला ससून इस्पितळात जाऊ लागल्या. त्यांनाही घरच्या दाराशी तोच झगडा करावा लागला, जो फ्लॉरेन्सने केला होता.

28 मार्च 1888 रोजी लष्करी इस्पितळांसाठी पहिल्या दहा प्रशिक्षित परिचारिका इंग्लंडहून मुंबई बंदरात उतरल्या. आजची लष्करी परिचर्या सेवा आपला इतिहास तिथून मोजते. आता पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत आपल्याच गावच्या मुली हे शिक्षण घेतात आणि अधिकारी म्हणून बाहेर पडतात.

13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी फ्लॉरेन्स गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाचा मान घरच्यांनी तिच्या इच्छेनुसार नाकारला. गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या कबरीजवळ तिला जागा मिळाली. दगडावर नावाची आद्याक्षरे आणि दोन तारखा, एवढेच. ज्या उंबरठ्याशी ती सोळा वर्षे अडून राहिली, त्याच घरच्या माणसांजवळ ती शेवटी परतली. घर सोडणे म्हणजे घर तोडणे नव्हे. ट्रंक भरणाऱ्या लेकीकडे गप्प बसून पाहणाऱ्या आईने एवढे मनाशी धरले, तरी तिच्या दुआला बळ येईल.