कै. ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज मारेगावात घरोघरी आहे. सुनेला दिवस गेले की नाव नोंदवायचे अंगणवाडीत, लेकराचे वजन करायचे तेही तिथेच. परंतु ज्यांच्या कार्यातून ही कल्पना उभी राहिली, त्या ताराबाई मोडकांचे चरित्र थोड्याच भगिनींना ठाऊक असेल. म्हणून ते थोडक्यात सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस आल्या. पण संसार टिकला नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या, तेव्हा पदरी लहान मुलगी होती. तरी त्या खचल्या नाहीत. राजकोटला अध्यापिकांच्या विद्यालयात काम करून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कार्यात सामील झाल्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले.

शहरातील हे शिक्षण गरिबाच्या मुलांपर्यंत पोहोचत नव्हते, ही खंत त्यांना होती. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीस बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पण वस्तीवरची मुले येईनात. आया मजुरीला जात, मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळीत. ताराबाईंनी आयांना बोल लावला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांची मुले गुरे राखीत म्हणून शाळा कुरणात भरवली, आणि धाकट्यांसाठी पाळणाघर काढले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर गेली.

आज गरोदर बाईस पोषण आहार, लोहाच्या गोळ्या, लेकरास दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, सारे फुकट मिळते. तरी पुष्कळ घरांत गोळ्या कोनाड्यातच राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे निघते ती दिवेलागणीला परतते. घरी नेलेला शिधा साऱ्या घराच्या ताटात जातो. २०१५ पासून आदिवासी भागांत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच गरम जेवण देण्याची योजना आली, ती याचसाठी. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून बाई ती सोडून देते. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि काळे होण्यात काही अपाय नाही, हे तिला शांतपणे सांगायला कुणी नसते. सेविका एकटी किती दारांना पुरणार?

फुकट आहे तरी घेत नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. ताराबाईंनी तसे म्हटले असते, तर बालवाडी बोर्डीच्या अंगणात गेलीच नसती. मंडळाच्या प्रत्येक भगिनीने या वर्षी आपल्या आळीतील किंवा जवळच्या पोडावरील एका गरोदर बाईचे दार धरावे. ती कामावरून परतल्यावर जावे, दोन घटका बसावे, जेवली का, गोळी घेतली का, हे मायेने विचारावे. ताराबाईंचे स्मरण करायचे तर ते असे करावे, असे मला वाटते.