जॉन स्कोप्स: उत्क्रांती शिकवली म्हणून दोषी ठरलेले शिक्षक

माणूस इतर प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, हे सरकारी शाळेत शिकवल्याबद्दल जुलै १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका चोवीस वर्षांच्या शिक्षकावर खटला चालला. त्यांचे नाव जॉन स्कोप्स.

जन्म १९०० चा, केंटकी राज्यातला. डेटन या छोट्या गावात ते फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. जीवशास्त्राचा वर्ग त्यांनी फक्त बदली शिक्षक म्हणून घेतला होता. मार्च १९२५ मध्ये बायबलमधली मनुष्यनिर्मितीची कथा नाकारणारे शिकवण शाळांत देण्यास बंदी घालणारा बटलर कायदा झाला. त्याला आव्हान द्यायला एक आरोपी हवा होता. गावातल्या मंडळींनी औषधाच्या दुकानात बोलावून विचारले आणि स्कोप्स तयार झाले. तो धडा आपण नक्की शिकवला का, हेही त्यांना खात्रीने आठवत नव्हते! आणि तो धडा असलेले पुस्तक राज्य सरकारनेच लावलेले होते.

आपण मात्र आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हंटर यांच्या त्या पुस्तकात गोऱ्यांना सर्वांत वरचा वंश ठरवले होते. म्हणजे उतरंड केवळ धर्मग्रंथांतच असते असे नाही. पण विज्ञानाच्या वर्गात पुरावा मागता येतो. त्या कसोटीवर वंशांची ही उतरंड पुढे टिकली नाही.

बचावाला क्लॅरेन्स डॅरो होते, तर सरकारच्या बाजूने तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम ब्रायन. शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे येऊच दिली नाही. ज्यूरीने नऊ मिनिटांत दोषी ठरवले. दंड १०० डॉलर. १९२७ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, तीही दंड ज्यूरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवला या तांत्रिक कारणावर. कायदा तसाच राहिला. हंटर यांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. मला खटल्यापेक्षा हे जास्त घातक वाटते, कारण त्याचा गाजावाजा होत नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली, तेव्हा आपल्याकडे कुणावर खटला भरावा लागला नाही.

स्कोप्स पुन्हा त्या शाळेत परतले नाहीत. शिकागोत भूगर्भशास्त्र शिकून तेल आणि वायू क्षेत्रात नोकरी केली. बटलर कायदा १९६७ मध्ये रद्द झाला, तो त्यांनी पाहिला. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे तोच आग्रह 'इंटेलिजंट डिझाइन' या नावाने शाळांत आला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर प्रकरणात हे विज्ञान नाही, असा निकाल केंद्रीय न्यायालयाने दिला. या वेळी कोर्टात गेले होते ते मुलांचे पालक.